१०-४६ तारा चढवल्यापासून ब्रिज उठलाय, सूर टिकत नाही, आणि आता गुणगुणही

कोरी_तार

मंडळी, पुरता अडकलोय, वाट दाखवा.

माझी गिटार स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घाटाची आहे. तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारी एकेरी चुंबकी गुंडाळी), पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर डोलणारा ट्रेमोलो ब्रिज, मागच्या खळग्यात तीन स्प्रिंगा. चार वर्षं तिच्यावर ९-४२ च्या तारा होत्या (सगळ्यांत बारीक ०.००९ इंच, सगळ्यांत जाड ०.०४२ इंच). माझा हात जड आहे, कॉर्ड जोरात मारली की सूर चढायचा. म्हणून गेल्या रविवारी १०-४६ चा संच चढवला. ट्यूनिंग तेच, स्टँडर्ड.

तेव्हापासून गिटार सुरात लागतच नाही. जाड ई लावून पुढे जावं, बारीक ईपर्यंत पोचेतो जाड ई उतरलेली असते. परत पहिल्यापासून. पाऊण तास हेच केलं. ब्रिजची पट्टी मागच्या बाजूने उचलली गेलीय, पट्टीखाली जवळजवळ ६ मिमी फट आहे. बाराव्या फ्रेटवर तारा ३ मिमी उंच. मग मी सॅडलचे (ब्रिजवरचे, तारा टेकतात ते तुकडे) स्क्रू फिरवून सगळी सॅडल खाली घेतली. मागचं झाकण उघडून स्प्रिंगा ज्या पट्टीत अडकवलेल्या असतात तिचा एक स्क्रू आवळला, तर ती पट्टी तिरकी झाली. घाबरून तिथेच थांबलो.

त्यानंतर एका मित्राने फोनवर सांगितलं की ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक सांभाळणारी धातूची सळई) फिरव. अर्धा फेरा फिरवला. पण हेडकडून पाहून उजवीकडे की बॉडीकडून पाहून उजवीकडे, यात माझा गोंधळ झाला आणि आता नेमकी दिशा आठवत नाही.

आणखी दोन गोष्टी. ए तार लावताना नटपाशी (हेडजवळची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) ‘टिंग’ असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. आणि आधी ॲम्पची गुणगुण तारांवर हात ठेवला की बरीच कमी व्हायची. आता हात ठेवला काय, काढला काय, सारखीच.

मी गिटारचं नुकसान करून बसलोय का? आणि कशापासून सुरुवात करू? ट्रेमोलोचा दांडा मी वापरतो, वर ओढूनही वापरतो, त्यामुळे तो बंद करून टाकायची इच्छा नाही.

उभा_ॲम्प

इतकं डोकं लावू नका. चौथी स्प्रिंग टाका, मागच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू आवळा, ब्रिज बॉडीला टेकेपर्यंत. झालं काम. मी कार्यक्रमात वाजवतो तेव्हा माझा ब्रिज कायम टेकलेला असतो. मध्येच एक तार तुटली तरी बाकीच्या पाच सुरात राहतात, आणि बेंड करताना शेजारची तार घसरत नाही. दांडा खाली दाबता येतो, तेवढं मला पुरतं.

ट्रस रॉडला मात्र पुन्हा हात लावू नका. ते जाणकाराकडून करून घ्या.

टंकयंत्र

तुमची गिटार बिघडलेली नाही. हे आधी सांगतो, कारण तुमच्या लिहिण्यात ती भीती दिसली. तुम्ही जे सांगितलंत त्यातली बहुतेक दुखणी एकाच कारणाची आहेत आणि ती घरी दुरुस्त होतात.

मी वाजवणारा नाही. चार कॉर्ड येतात तेवढंच. तीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले. मुलगी गिटार वाजवायला लागली तेव्हा तिच्या गिटारची देखभाल माझ्याकडे आली आणि अजून आहे. टाइपरायटरने हाताला एक शिस्त लावली: एका वेळी एकच स्क्रू, तो किती फिरवला ते कागदावर, आणि त्याचा परिणाम पाहिल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. तुम्ही एका दिवसात सॅडल, मागची पट्टी आणि ट्रस रॉड असे तिन्ही हलवलेत. म्हणून कशाने काय झालं ते आता कळत नाहीये.

आधी काय घडलं ते पाहा. या ब्रिजवर सतत रस्सीखेच चालू असते. पुढून सहा तारा ओढतात, मागून तीन स्प्रिंगा, आणि ब्रिज मध्ये धारेवर उभा. स्ट्रॅटच्या ६४८ मिमी लांबीवर ९-४२ चा संच स्टँडर्ड ट्यूनिंगला सगळा मिळून ३८ किलोच्या आसपास ओढतो. १०-४६ चा ओढतो ४६-४७ किलो. म्हणजे आठ-नऊ किलो जोर पुढे वाढला आणि मागच्या स्प्रिंगा होत्या तशाच. ब्रिज पुढे झुकला, मागून उठला, त्याच्यासोबत सॅडल उठली, सॅडलसोबत तारा. सूर न टिकण्याचं कारणही हेच. एक तार चढवली की ब्रिज आणखी थोडा झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. तुम्ही पाऊण तास तारा लावत नव्हता, ब्रिजच्या मागे धावत होता.

म्हणून सॅडल खाली घेणं हा उपाय नव्हता. ब्रिज जागेवर आला की त्याच तारा फ्रेटांवर टेकतील. तेव्हा आत्ताच ती वर करू नका, ब्रिजचं झाल्यावर करायची आहेत.

उभा_ॲम्प यांचा सल्ला चुकीचा नाही. टेकलेला ब्रिज सूर फार चांगला धरतो. पण तुम्हाला दांडा वर ओढायचाय, तर ब्रिज तरंगता हवा. मी मुलीच्या गिटारला ब्रिजच्या पट्टीखाली मागे ३ मिमी फट ठेवतो.

आता कसं करायचं. तारा सैल करा, लोंबेपर्यंत नाही, पण जोर जाईपर्यंत. स्प्रिंगा ब्रिज खाली खेचतील. तो खाली बसायच्या आत ब्रिजच्या पट्टीच्या मागच्या कडेखाली तारा छेडायची १ मिमी जाडीची तीन पिकं (प्लेक्ट्रम) एकावर एक ठेवा. झाली तुमची ३ मिमी फट. मग मानेखाली टॉवेलची गुंडाळी देऊन गिटार पालथी घाला आणि झाकण काढा. खळग्यात ब्रिजचा धातूचा ठोकळा दिसेल. तारा ओढतात तेव्हा हा ठोकळा मागे, पट्ट्याच्या बटणाकडे सरकतो. ठोकळा आणि त्या बाजूची लाकडी भिंत यांच्यामध्ये जेवढी जागा उरलीय तेवढ्याच जाडीचा लाकडी तुकडा तिथे बसवा. मी जुन्या लाकडी फूटपट्टीचे दोन तुकडे चिकटवून आणि पॉलिश पेपरवर घासून तो बनवलाय. घट्ट ठोकायचा नाही, बोटाने सरकवला की बसला पाहिजे.

आता गिटार सुरात लावा. ठोकळा तुकड्यावर रेलेल, ब्रिज हलणार नाही, त्यामुळे सगळ्या तारा दोन-तीन फेऱ्यांत लागतील. वरची पिकं आपोआप सैल होतील, ती काढा. मग मागच्या पट्टीचे दोन स्क्रू. आधी तिरकी पट्टी सरळ करा, आणि तिथून पुढे दोन्ही स्क्रू सारखे, अर्धा अर्धा फेरा, डावा मग उजवा. प्रत्येक फेरीनंतर लाकडी तुकडा बोटाने हलवून बघा. आधी तो दगडासारखा रुतलेला असेल. मग थोडा कुरकुरेल. मग एका अर्ध्या फेऱ्याला अचानक बोटासोबत निघून येईल. थांबा तिथेच. तारा आणि स्प्रिंगा बरोबरीत आल्या. सूर तपासा, किंचित फरक असेल तो खुंटीवर काढा. हा क्षण मी कितीतरी वेळा अनुभवलाय आणि अजूनही मला तो फार आवडतो.

स्क्रू लाकडात जड जात असतील तर जोर करू नका. एक बाहेर काढून आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळा. आणि स्क्रू ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसणाराच घ्या. तीन स्प्रिंगांवर मागची पट्टी लाकडाला टेकायला आली तरी तुकडा निघत नसेल, तर चौथी स्प्रिंग लागेल.

आता ट्रस रॉड. दिशा आठवत नाही तर नसू दे, माप सांगेल. जाड तारांनी नेकही थोडी जास्त वाकते, त्यामुळे ते बघावंच लागणार आहे. गिटार सुरात असताना पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. जाड ई तार जिथे नेक बॉडीला मिळते तिथे, साधारण १७ व्या फ्रेटवर दाबा. तार म्हणजे आता सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेच्या खाली किती फट आहे ती बघा. ०.२५ मिमी हवी.

फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर काढलेला ९-४२ चा संच फेकू नका. तेच तुमचं गेज. ९ नंबरची तार म्हणजे ०.००९ इंच, म्हणजे ०.२३ मिमी. ११ ची ०.२८ मिमी, १६ ची ०.४१ मिमी. वापरून पिचलेला भाग सोडून सरळ तुकडा घ्या आणि फटीत आडवा सरकवा. वरची तार न हलता तुकडा गेला तर फट तेवढी किंवा जास्त. तार उचलली गेली तर फट कमी.

फट जास्त असेल तर रॉड आवळायचा. जिथून की घालता तिथूनच पाहायचं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळतो. पाव फेरा, त्याहून जास्त नाही. आवळण्याआधी तारा थोड्या उतरवा, मग पुन्हा सुरात लावा, आणि गिटार निदान तासभर ठेवून द्या. लाकूड हळू हलतं. मग परत मोजा.

आणि की. इथे मी मुलीच्या गिटारचं नुकसान केलेलं आहे, ते सांगतो. रॉड फिरवायच्या नटाला (हा तारांचा नट नव्हे) १/८ इंचाची ॲलन की लागत होती, म्हणजे ३.१७५ मिमी. माझ्याकडे ३ मिमीची होती. ती आत गेली, फिरलीही, दोनदा कामही झालं. तिसऱ्यांदा हाताला एक मऊ सरक जाणवली आणि आतले सहा कोपरे गोल झाले. बाहेरून काही दिसत नाही, पण त्यानंतर कुठलीच की धरेना. नेक काढून एका जाणत्या कारागिराकडे द्यावी लागली, तो नट काढून दुसरा बसवायला. दीड महिना ती गिटारशिवाय होती, आणि त्यात तिची परीक्षा होती. एवढी बारीक चूक, पण अजून सलते. की घातल्यावर थोडीसुद्धा हलत असेल, तर ती तुमची की नाही.

उरलेलं सोपं आहे, पण क्रम चुकवू नका. ब्रिज, मग नेक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून तारेची लांबी जुळवणं). उंचीसाठी सॅडल वर-खाली करा. १७ व्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत १.६ मिमी हे फेंडरचं माप आहे, ९.५ ते १२ इंच त्रिज्येच्या गोलाईच्या फ्रेटबोर्डासाठी. तुमचा हात जड आहे, तर १.८ ने सुरुवात करा.

सॅडलच्या बारीक स्क्रूंनाही इंच आणि मिलिमीटर असे दोन प्रकार असतात, तिथेही कीबाबत तीच काळजी घ्या.

मोजलंत की इथे आकडे टाका.

कोरी_तार

काका (तीस वर्षं म्हणालात म्हणून काका म्हणतो), तुमचं दोनदा वाचलं आणि काल संध्याकाळी बसलो. मला ‘तू’ म्हणा, मी कॉलेजात आहे.

लाकडी तुकडा निघाला! पट्टीचे स्क्रू दोन्हीकडे मिळून खूप फिरवावे लागले, मी लिहून ठेवलंय: सरळ केल्यावर प्रत्येकी साडेतीन फेरे. चौथी स्प्रिंग लागली नाही. फट ३ मिमी. आणि सहाच्या सहा तारा सुरात आहेत, आज सकाळीही होत्या.

नेक: ९, ११ आणि १६ च्या तारा तिन्ही आरामात गेल्या. २४ ची घातली तर वरची तार उचलली गेली. म्हणजे ०.४१ आणि ०.६१ च्या मध्ये कुठेतरी, बरोबर? की व्यवस्थित बसली, हलत नाही. पाव फेरा, दोन तास, मग आणखी पाव फेरा. आता ९ ची जाते आणि ११ ची वरच्या तारेला जेमतेम लागते.

सॅडल परत वर घेतली. १७ व्या फ्रेटवर १.८.

पण ए तारेची टिंग तशीच आहे. आणि गुणगुण तर आहेच. उलट आता गिटार बरी वाजतेय म्हणून ती जास्त खुपते.

सोळावा_फ्रेट

गुणगुणीबद्दल मी सांगते. मी सर्किटचं काम करते आणि घरातल्या दोन्ही गिटारींचं वायरिंग माझंच आहे.

सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूच्या विजेच्या तारांची, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण उचलतोच. बऱ्याच गिटारींत मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, चुंबकही उलटे. म्हणून स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवला की दोन पिकअप मिळून ती गुणगुण एकमेकांत खोडतात. तिथे ठेवून ऐका. पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. हात लावल्यावर आवाज कमी होणं बंद झालं, हे महत्त्वाचं. आपलं शरीरही अँटेनासारखं काम करतं. तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, त्यांना हात लावला की आपण ग्राउंड होतो आणि पिकअपपुढे आडोशासारखे उभे राहतो. आता तसं होत नाही, म्हणजे तारांचा ग्राउंडशी संबंध तुटलाय.

आणि तो कुठे तुटला असेल याचा माझा अंदाज आहे. या घाटाच्या गिटारीत ग्राउंडची वायर त्या मागच्या पट्टीलाच डाग देऊन जोडलेली असते. पट्टी, स्प्रिंगा, ठोकळा, सॅडल, तारा असा तो रस्ता. तुम्ही ती पट्टी पहिल्याच दिवशी एका बाजूने ओढलीत. वायर आखूड असेल तर डाग उचकटला असणार. झाकण काढून बघा. दिसत नसेल तर मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या नळीला. बीप नाही तर निदान पक्कं.

डाग देताना: पट्टी जाड धातूची आहे, उष्णता पिऊन टाकते. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरणार नाही, ४० ते ६० ची घ्या. डागाची जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. आधी नुसत्या पट्टीवर सोल्डर पसरवा. ते थेंबासारखं उभं राहिलं तर पट्टी अजून थंड आहे. पाण्यासारखं पसरलं की मग वायर धरा, आयर्न काढा आणि सोल्डर थिजेपर्यंत वायर मुळीच हलवू नका. आजूबाजूच्या रंगावर जाड पुठ्ठा ठेवा. आणि वायरला थोडी सैल जागा ठेवा, पट्टी पुन्हा सरकवायची वेळ येईलच.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. तारा ॲम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि तुमचा हात तारांवर असतो. ॲम्पच्या प्लगचं अर्थिंग पक्कं असलंच पाहिजे. गुणगुण कमी व्हावी म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकणारे मी पाहिलेत. हे कधीही करू नका. ॲम्पच्या आतही स्वतः हात घालू नका, प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा भार राहू शकतो.

टंकयंत्र

सोळावा_फ्रेट यांनी वायर बरोबर पकडली. मला ती सुचायला हवी होती, पट्टी सरकवायला मीच सांगितलं होतं.

आता तुझ्या टिंगेकडे येतो. मोजमाप उत्तम केलंस, ११ ची जेमतेम लागते हे वाचून समाधान वाटलं.

तुझी जुनी ए तार ३२ नंबरची होती, ०.८१ मिमी. नवी ३६ ची, ०.९१ मिमी. नटाची खाच चार वर्षं जुन्या तारेच्या मापाची. नवी तार खाचेत बसत नाही, चिमटली जाते. खुंटी पिळलीस की खुंटीकडचा भाग ताणतो, पण खाच तार धरून ठेवते. ताण साचतो, साचतो, आणि एकदम सुटतो. तीच टिंग. बेंडनंतर तार चढी राहते किंवा दांडा वापरल्यावर सूर जागेवर येत नाही, त्यामागेही बहुतेक वेळा नटच असतो. लोक खुंट्या बदलतात, आणि दोष खाचेत असतो.

खाच रुंद करायला बारीक कानशी मिळतात, पण एका तारेसाठी त्या लागत नाहीत. खुंटीवर गुंडाळून उरलेला ए तारेचा तुकडा कापला असशील, तो शोध. बोटभर पुरेल. गुंडाळलेल्या तारेवरचे वेढे म्हणजे बारीक कानसच, आणि ती नेमकी तुझ्या तारेच्या जाडीची. ए तार सैल करून खाचेतून बाजूला काढ. तुकडा दोन्ही हातांत ताणून धर आणि खाचेतून मागे-पुढे ओढ. हात हेडच्या बाजूला किंचित उतरता ठेव. दहा वेळा ओढ, भुकटी फुंकून टाक, तार बसवून बघ. मग गरज असेल तर आणखी दहा. घाई केलीस तर खाच खोल जाईल, आणि आपल्याला फक्त रुंदी हवीय.

उतरता हात का, ते सांगतो. तार खाचेतून निघताना फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकली पाहिजे. खाच सपाट झाली किंवा उलटी उतरली, तर तार आत थोडी सुटी राहते आणि मोकळी तार झणझणते. तंबोऱ्याला घोडीवर दोरा सरकवून जी जवारी काढतात, तसाच प्रकार. तंबोऱ्याला ती हवी असते, इथे ती नको.

खोली तपासायची खूण: ए तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाब आणि पहिल्या फ्रेटवर बघ. केसभर फट दिसली पाहिजे. पहिल्या फ्रेटवर वरून हलकेच टिचकी मारलीस तर तार खाली जाऊन बारीक टक असा आवाज येईल. आवाजच नाही, तार आधीच टेकलेली, तर खाच खोल आहे. तुझी तशी नसणार, तार वरच अडकलीय.

झालं की पेन्सिलीचं टोक खाचेत घास. त्यातल्या ग्राफाइटची भुकटी तारेला सरकायला मदत करते. जाड ई तारेचंही असंच असेल, तीही ४२ ची ४६ झाली, एक दशांश मिलिमीटरने जाड. तीही तपास.

इंटोनेशन आता करायला हरकत नाही. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक घे, मग तिथेच दाबून वाजव. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे घे, उतरलेला असेल तर पुढे. तार दाबली की ती थोडी ताणली जाते, म्हणून तिला लांबी किंचित जास्त द्यावी लागते आणि जाड तारांना आणखी जास्त. सॅडल सरकवण्याआधी तार सैल कर. मुलीच्या गिटारचं करताना मी तिलाच वाजवायला बसवतो, कारण माझं बोट तिच्यापेक्षा जोरात दाबतं आणि माझ्या बोटाने लावलेली गिटार तिला उतरलेली वाटते. तुझी तूच लाव, रोज दाबतोस तेवढ्याच जोराने.

एक शेवटचं माप. जाड तारांवर चुंबकाची ओढ जास्त. नेककडचा पिकअप फार वर असेल तर जाड ईवर बाराव्या फ्रेटच्या पुढे एकाच सुरात दोन सूर लहरत असल्यासारखं ऐकू येतं, आणि मग कितीही इंटोनेशन केलंस तरी जमत नाही. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांच्यातलं अंतर जाड बाजूला २ मिमी, बारीक बाजूला १.६ मिमी ठेव. अजून खाली घेतलास तरी बिघडत नाही, आवाज जरा मऊ होईल.

उभा_ॲम्प

टंकयंत्र, तारांचंच गेज करायची कल्पना मला माहीत नव्हती. आज माझ्या तिन्ही गिटारी मोजल्या. एकीची नेक अगदी सपाट निघाली, ९ चीसुद्धा जाईना. पहिल्या चार-पाच फ्रेटांवर खरखर का येते हे मला वर्षभर कळत नव्हतं. मी सॅडलच वर करत बसलो होतो.

रॉड सैल करायचा, म्हणजे काट्याच्या उलट दिशेने, बरोबर?

टंकयंत्र

बरोबर. पाव फेरा, पुन्हा सुरात, आणि थोडा वेळ ठेवून मग माप. वर केलेली सॅडल नंतर खाली घ्यावी लागतील. आधी ती किती वर आहेत ते मोजून लिहून ठेवा.

कोरी_तार

वायर सापडली. एका केसावर लोंबत होती, बोट लावताच सुटली. माझ्याकडे आयर्न २५ वॉटची, त्यावर सोल्डर थेंबासारखं उभं राहिलं, अगदी सोळावा_फ्रेट यांनी लिहिलं तसं. शेजारच्या दादाकडून ६० ची आणली, पट्टी घासली, आणि यावेळी ते पसरलं. मल्टिमीटर बीप करतो. तारांवर हात ठेवला की गुणगुण खाली जाते. दुसऱ्या आणि चौथ्या जागी जवळजवळ नाहीच.

ए तारेचा तुकडा कचऱ्यातून शोधून काढला. तीस वेळा ओढावा लागला. टिंग गेली. टिचकी मारली की टक ऐकू येतं. जाड ईला वीस वेळा.

इंटोनेशनला दोन तास गेले. जी तारेचं सॅडल सगळ्यांत जास्त मागे घ्यावं लागलं. दांडा वर ओढतो, सोडतो, आणि ट्यूनरचा काटा परत मध्यावर येतो. हे मी बहुतेक पन्नास वेळा तरी करून पाहिलं.

एकच विचारायचं राहिलं. तो लाकडी तुकडा जपून ठेवू का?

टंकयंत्र

ठेव. त्यावर पेन्सिलीने ‘१०-४६, ३ मिमी’ असं लिही. आणि झाकण बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला कागदी टेप चिकटव आणि त्यावर आजची तारीख आणि मापं लिही: तारा, स्प्रिंगा तीन, रिलीफ (सातव्या-आठव्या फ्रेटवर मोजलेली नेकची फट), १७ व्या फ्रेटवरची उंची, पिकअपचं अंतर. मुलीच्या गिटारच्या झाकणात २००९ पासूनच्या नोंदी आहेत. टेप भरला की मी त्यावरच दुसरा लावतो. हवा कोरडी झाली की नेक कुठे सरकते आणि दमट झाली की कुठे येते, हे मला त्या झाकणावरून कळतं. आता तुझी गिटार महिनाभर नव्या ताणाखाली हलत राहील. चार आठवड्यांनी ९ ची तार पुन्हा घालून बघ आणि जी काही फट निघेल ती त्याच टेपवर खाली लिही.

ती ९ ची तार हरवू नकोस, झाकणाच्या आतच चिकटवून टाक. मात्र स्प्रिंगांना लागणार नाही अशी.